समोर विचारले, समोर ऐकले

चाकणच्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात दर सोमवारी सकाळी पुण्याहून आठ मुली येत आणि शनिवारी दुपारच्या मोटारीनं परत जात. त्यांच्याबरोबर सुभद्राबाई असत. मुली नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या, सुभद्राबाई त्यांच्या शिक्षिका. पण वर्गातल्या नव्हेत, खाटेजवळच्या. वर्गातली शिक्षिका फळ्यावर खडूनं हृदय काढते. ते ज्याच्या छातीत धडधडत असतं त्या माणसाशी कसं वागायचं, हे खाटेजवळच्या शिक्षिकेनं दाखवायचं. गावातले लोक त्यांना ट्यूटरबाई म्हणत. कांद्याच्या गाड्यांबरोबर लांबून आलेल्यांना तेही जड जाई, ते नुसतंच ‘मोठ्या बाई’ म्हणत.

सन छप्पन चालू होतं. सुभद्राबाईंना या कामात अठरा वर्षं झाली होती आणि आता त्यांना काही होत नसे. रक्त बघून काही होत नसे हे ठीकच, त्याचाच तर पगार होता. पण अडलेली बाई मोकळी झाली, बाळ रडलं, बाहेर ओसरीवर बसलेल्या सासूनं देवाला हात जोडले, तरी काही होत नसे. पुण्यातली बहीण विचारायची, “अक्का, बरी आहेस ना?” त्या म्हणायच्या, “बरी आहे.” ते खोटंही नव्हतं. दुखत कुठंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजानं एक कागद काढला होता. सुई देण्याआधी मुलीनं रोग्याला चार प्रश्न विचारायचे, उत्तरं त्यावर लिहायची. खाली छापलेलं होतं: ‘माझ्या समोर विचारले, समोर ऐकले, वाचून पाहिले.’ आणि त्याखाली ट्यूटरच्या सहीला जागा. आठ मुली, दोन खोल्या, एक ओसरी आणि एक सुभद्राबाई. पहिल्या वर्षी त्या प्रत्येक खाटेशी उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी बसून वाचायला लागल्या. तिसऱ्या वर्षी मुलगी कागद घेऊन आली की त्या दुसरीच्या हातातलं बँडेज नीट करता करता डाव्या हातानं कागद गुडघ्यावर धरायच्या आणि उजव्यानं सही करायच्या. सही मात्र अजून सुरेख होती.

त्या बुधवारी कागद घेऊन आली शमीम.

शमीम रहिमान मिस्त्रींची मुलगी. मिस्त्री निजामाच्या मुलखातून सात वर्षांपूर्वी आले आणि चिंचवडला मोटारी दुरुस्त करू लागले. पोरीची पहिली शाळा उर्दू. मराठी ती इथं येऊन पुस्तकातून शिकली आणि म्हणूनच सगळ्या वर्गात तीच सर्वांत शुद्ध बोलायची. ‘आपण किंचित कुशीवर वळता का?’ असं तिनं विचारलं की गावच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. कुशीवर मात्र तिच्याच हाताखाली मुकाट वळत, कारण हात हलका होता. तिला कॉलेजात घालायला मिस्त्रींनी जातभाईंचं बरंच ऐकून घेतलं होतं. ‘पोरगी परक्या पुरुषांना हात लावणार?’ मिस्त्री म्हणाले होते, “मैं भी तो परायी मोटारों को हाथ लगाता हूँ.” वाद तिथंच संपला असं नाही, पण मुलगी गेली.

तर खाटेवर गोजाबाई होत्या, महाळुंग्याच्या. विळा लागून पोटरी चिघळलेली. डॉक्टर पेनिसिलिन लिहून देऊन मोशीकडे देवीच्या टोचणीच्या कामाला गेले होते. शमीमनं प्रश्न विचारले, लिहिलं, सुभद्राबाईंची सही घेतली, सुई दिली.

दहा मिनिटांनी गोजाबाई म्हणाल्या, “पोरी, तळहात खाजत्यात गं.” मग ओठ सुजले. मग श्वासाला शिट्टी लागली आणि नाडी बोटांखालून निघून गेली.

सुभद्राबाई धावल्या नाहीत. धावलेलं रोग्याला दिसतं. भराभर चालत आल्या, अॅड्रिनलिनची कुपी फोडली, अर्धा सीसी दंडात दिलं, खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवायला लावल्या, घड्याळ बघितलं, पुन्हा दिलं. गोजाबाईंचा नवरा दत्तोबा दारात उभा राहून “मोठ्या बाई, अवं मोठ्या बाई” एवढंच म्हणत होता. वीस मिनिटांनी नाडी आली. सुभद्राबाईंनी हात धुतले. आपल्याला भीती वाटली का, हे त्यांनी साबण लावता लावता शोधून पाहिलं. सापडली नाही. मागे भिंतीशी शमीम उभी होती आणि तिचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाई खाटेवर बसून भाकरी दुधात कुस्करत होत्या. सुभद्राबाई त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

“गोजाबाई, याआधी कधी सुई घेतली होती?”

“घेतली की. मागल्या साली, भोसरीत. पायात काटा मोडला व्हता.”

“मग तेव्हा काही झालं होतं?”

“आता कितिंदा सांगू? त्या पोरीला म्या सांगितलं व्हतं की! तरास न्हाई, सुई घेतली तवा गांधी उठल्या व्हत्या, त्येवढंच.” गोजाबाईंनी दंडावर बोट फिरवून दाखवलं. “ह्या अशा. चिंचोक्यावानी. दोन दिस खाजत व्हत्या, मग बसल्या.”

सुभद्राबाई उठल्या. टेबलाच्या खणातून कालचा कागद काढला आणि तो पहिल्यांदाच वाचला. शमीमचं अक्षर मोत्यासारखं होतं.

‘पेनिसिलिनची सुई पूर्वी घेतली आहे काय?’ – ‘होय. गांधी उठले होते तेव्हा, म्हणजे सन १९४२च्या सुमारास.’

‘त्या वेळी काही त्रास?’ – ‘नाही.’

खाली त्यांची सही. सुरेख.

त्या खुर्चीत बसल्या. खेड्यातली माणसं वर्षं आकड्यांनी सांगत नाहीत; प्लेगाच्या साली, मोठ्या दुष्काळाच्या साली, असं सांगतात, हे त्यांनीच मुलींना शिकवलं होतं. शमीम नीट शिकली होती. फक्त अंगावर उठणाऱ्या गांधी तिच्या पुस्तकात नव्हत्या. तिच्या घरी त्याला पित्ती म्हणत असतील. आणि बेचाळीस साली भोसरीतच काय, पुण्यातही हे औषध कुणी पाहिलेलं नव्हतं, हेही सुभद्राबाईंनी वर्गात सांगितलं होतं. एवढी एक ओळ वाचली असती तरी कुणालाही हसू आलं असतं. हसू आलं असतं, शमीमला हाक मारली असती, “अगं वेडे, परत जाऊन विचार,” म्हटलं असतं, आणि संपलं असतं. कागद वाचायचं काम त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, झाला प्रकार कळून, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलबाई जीपनं आल्या. मोठ्या कर्तबगार बाई. विद्यापीठाची मान्यता मिळावी म्हणून दोन वर्षं खेटे घालत होत्या आणि पुढच्या महिन्यात विद्यापीठाची माणसं पाहणीला यायची होती. त्यांनी कागद वाचला. एक क्षण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला, मग त्यांनी चष्मा काढला.

“सुभद्राबाई, ही हसण्यासारखी गोष्ट नाही.”

“नाही.”

“बाई वाचली, ते तुमच्यामुळे. तसं मी लिहिणारच आहे. पण विद्यापीठाच्या समितीपुढे हा कागद जाईल. मुलीला काढावं लागेल.”

“आणि सही?”

प्रिन्सिपॉलबाईंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर दत्तोबा जीपच्या ड्रायव्हरशी कांद्याच्या भावावर बोलत होता.

“आठ मुली. एक ट्यूटर. मला कळतं हो. तुम्ही असं लिहा, की मुलीनं तुम्हाला तोंडी सांगितलं, बाईनं पूर्वी सुई घेतलेलीच नाही. तुम्ही तिच्या शब्दावर विसंबलात. मग दोष एका ठिकाणी राहतो.”

“तिनं तसं सांगितलं नाही. तिनं काहीच सांगितलं नाही. मी विचारलंच नाही.”

“तुम्ही गेलात तर या सात जणींना कोण शिकवणार? आणि मान्यता? एका मुलीसाठी ऐंशी मुलींचं...” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “तिचं मराठी कच्चं आहे, हे तर खरं ना?”

“कच्चं नाही बाई. फार पक्कं आहे. तीच तर अडचण झाली.”

“विचार करा. चार वाजता मी निघते.”

सुभद्राबाईंनी विचार करायचा प्रयत्न केला. मन एका सपाट जागी बसून राहिलं होतं. हाक मारली तरी उठेना. शमीम घरी जाईल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. जातभाई म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मिस्त्री काही म्हणणार नाहीत, मोटारीखाली शिरतील. वर्षभरात तिचं लग्न होईल आणि तो हलका हात चिंचवडच्या एखाद्या घरात भाकरी थापेल. हे सगळं त्यांना स्पष्ट दिसलं, आणि त्यातलं काहीही छातीपर्यंत पोचलं नाही. दुसरीकडे, खरं लिहिलं तर वाट्याला येणारा वॉर्ड दिसला: पुण्याच्या मोठ्या इस्पितळातला, चाळीस खाटांचा. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा रात्रपाळ्या, पुन्हा पायांवर फुगलेल्या शिरा. तेही पोचलं नाही.

मग त्यांना वाटलं, आपल्याला काही वाटेल आणि मग आपण लिहू, अशी वाट बघत बसलो तर चार वाजून जातील.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि रोग्याचा तक्ता भरतात तसं लिहिलं. विचारले ते माझ्या समोर नाही. ऐकले नाही. वाचले नाही. सही माझी. विद्यार्थिनीने रोग्याचे शब्द जसे ऐकू आले तसे लिहिले. ते तपासणे हे माझे काम होते, आणि गेले वर्षभर ते मी केलेले नाही.

‘गेले वर्षभर’ लिहायची काही गरज नव्हती. पण हात थांबला नाही.

प्रिन्सिपॉलबाईंनी उभ्या उभ्या वाचलं. “वर्षभर? सुभद्राबाई, हे कशाला?”

“खरं आहे म्हणून.”

“तुम्हाला काय वाटतं, ती मुलगी तुमचे उपकार मानेल?”

“नाही वाटत.”

“मग?”

सुभद्राबाईंनी पेनाला टोपण लावलं. प्रिन्सिपॉलबाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही थकलात. मला आधी दिसायला हवं होतं.” जीप धूळ उडवत गेली. दत्तोबानं ड्रायव्हरला चार कांदे दिले होते.

शनिवारी सकाळी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. शमीमला ठपका, सहा महिने जादा काम. परीक्षेला बसता येईल. सुभद्राबाईंनी एक तारखेपासून वॉर्डात हजर व्हावं. शिकवण्याचं काम बंद.

शमीम मागच्या पडवीत स्टोव्हवर सुया उकळत होती. सुभद्राबाईंनी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. सगळी, शेवटच्या तारखेसकट. शमीमनं ऐकलं. चिमट्यानं एक सुई उगाचच इकडची तिकडे केली.

“सिस्टर, तुम्ही तो कागद वाचला नव्हता?”

“नाही.”

“मला वाटलं, वाचलात.” तिचा आवाज पुस्तकातल्यासारखाच नीट होता. “मला थोडी शंका होती. गांधी उठले तेव्हा, असं कोण बोलतं? पण मी म्हटलं, चुकलं असेल तर सिस्टर थांबवतील. तुम्ही सही केलीत. म्हणून मी दिली.”

“हो.”

“त्या मेल्या असत्या.”

“हो.”

शमीमचे डोळे भरून आले, पण त्यात माया नव्हती. राग होता, चांगला तापलेला. सुभद्राबाई त्या रागाकडे बघत उभ्या राहिल्या. ही पोरगी अजून रागावू शकते, एवढं त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते बरं आहे, असंही.

“नव्या ट्यूटर कोण?” शमीमनं नाक पुसत विचारलं.

“माहीत नाही. कुणी का असेना. सही केली की कागद उचलायचा नाही. म्हणायचं, वाचून दाखवा.”

“त्या रागावतील.”

“रागावू देत.”

“मला उद्धट म्हणतील. आधीच...”

“म्हणतील. आणि तू म्हणायचं, आपण किंचित मोठ्यानं वाचता का?”

शमीम हसली नाही. हसायला अजून पुष्कळ अवकाश होता. बाहेरून गोजाबाईंनी हाक मारली, “अगं ए शुद्ध बोलनारे! पट्टी कवा बदलतीस? मला घरी जायाचंय, म्हस खोळंबली असंल!”

शमीमनं पदर खोचला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पट्ट्यांचं ताट उचललं. उंबऱ्याशी थबकली आणि मागे वळून न बघता म्हणाली, “सिस्टर, म्हस म्हणजे म्हैसच ना?”

“म्हैसच.”

“नक्की?”

“जाऊन त्यांनाच विचार,” सुभद्राबाई म्हणाल्या, आणि तिच्या मागोमाग खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.