चौकटच्या नव्वीच्या जागी मी

मी एक जुना जोकर आहे. पत्त्यांच्या कॅटमधला. हसा, मित्रांनो, हसवायचंच तर काम माझं.

छापखान्यात आम्ही चौपन्न जण एकाच मोठ्या कागदावर छापले गेलो. मग कापले, कडा गोल केल्या, खोक्यात भरले. माझ्या टोपीला घुंगरं. वाटलं, आपला थाट काही औरच! कसलं काय. पहिल्याच डावाला कुणीतरी म्हणालं, "जोकर काढा रे बाजूला." झालं. बावीस वर्षं मी बाजूलाच. कधी पुस्तकात खूण म्हणून, कधी डगमगत्या टेबलाच्या पायाखाली.

आमचं घर मोठं हौशी. दर वर्षी आठ दिवस एका बेटावरच्या हॉटेलात यायचं आणि पत्ते खेळायचे. समोर समुद्र, पण त्याच्याकडे पाठ करून! व्हरांड्यातलं वेताचं टेबल ठरलेलं, जोड्याही ठरलेल्या. एकीकडे दादा आणि त्यांचे मधले भाऊ, दातांचे डॉक्टर. दुसरीकडे आत्या आणि तिचे यजमान. पोरं तिला आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

यंदा आत्या एकटीच आली. यजमान गेले त्याला सहा महिने झाले होते. दादा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू आता नुसती बघ गं. भिडूच नाही, तर खेळणार कशी? तुम्हा दोघांच्या जागी आपला धाकटा भाऊ आणि त्याचा पोरगा बसतील."

आत्या खुर्चीवरून उठलीही नाही.

तेवढ्यात धाकट्याची बायको (आत्या तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही) म्हणाली, "वन्सं, मी बसू तुमच्यासमोर?"

डॉक्टर खो खो हसले. "अगं, तुला हुकूम म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

"घरात रोज ऐकते की!"

दादा म्हणाले, "बसू दे. लिंबूटिंबू. पण शेवटच्या दिवशी हरलात, तर ही जागा धाकट्याची. कायमची."

"आणि जिंकलो तर?" आत्यानं विचारलं.

दादा पत्ते पिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. चौकटची नव्वी टेबलावरून उडाली, कठड्यावर क्षणभर टेकली आणि गेली समुद्रात. दादा कठड्याशी उभे राहून म्हणाले, "गेली बिचारी पोहायला." बेटावर दुकान एकच. तिथे साबण मिळतो, गळ मिळतो, पत्ते मिळत नाहीत. मग वहिनीनं मला टेबलाच्या पायाखालून काढलं, पदरानं पुसलं आणि हॉटेलच्या पेनानं माझ्या पोटावर ठसठशीत लिहिलं: चौकट नव्वी.

मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणीतरी पिसलं. काय गुदगुल्या झाल्या!

शेवटचा दिवस. दुपारचे चार वाजलेले, पाचची बोट. सामान दारात बांधून ठेवलेलं. दोन्ही जोड्या बरोबरीत, एकच डाव उरला. मी वहिनीच्या हातात आलो. तिचा अंगठा घामानं ओला झाला होता, पण चेहरा मख्ख. अकरा हात झाले. त्यांचे सहा, आमचे पाच. हुकूम सगळे संपले. प्रत्येकाकडे दोन-दोन पत्ते, आणि उतारी वहिनीची.

तिनं इस्पिकची राणी टाकली. राजा-एक्का आधीच पडून गेलेले, म्हणजे हा हात आमचा. दादांकडे इस्पिक नव्हतं. होती चौकटची दश्शी आणि किल्वरचा राजा. कुठला ठेवायचा? दादा ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. घरात त्यांच्यासारखं पत्ते मोजणारं कुणी नाही. अकरा चौकट पडून गेल्या, बारावी त्यांच्याच हातात. संपली चौकट! त्यांनी दश्शी फेकली आणि राजा मिशीपाशी धरून हसले.

सहा-सहा.

वहिनीनं मला टेबलावर ठेवलं. हळूच, काचेचं भांडं ठेवतात तसं.

"हे काय?" दादा म्हणाले.

"चौकट नव्वी."

"नव्वी तर समुद्रात गेली! मी स्वतः बघितली!"

"अहो, नंतर तुमच्यासमोरच तर लिहिली ना!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "दादा, तू बारावरच थांबलास?"

चौकट कुणाकडेच नव्हती. राजा नुसताच राजा राहिला. हात आमचा, डाव आमचा! आत्या इतकी जोरात ओरडली, की हॉटेलचा आचारी झारा घेऊन बाहेर धावत आला. वहिनी तर खुर्चीवर चढून नाचली.

दादा मग उठले, तडक हॉटेलच्या वहीपाशी गेले आणि पुढच्या वर्षाच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं: कोपऱ्यातली समुद्राकडची खोली, आत्या आणि तिची भिडू.

मित्रांनो, पत्ते ओल्या हातानं धरू नका, वाऱ्यात उघडे टाकू नका. आणि डाव मांडाल तेव्हा कडेला कुणी गप्प बसलंय का, तेवढं बघा. त्याला "तू नुसता बघ" म्हणू नका. तेरा पत्ते त्यालाही वाटा. हरलात तर हरलात!

आणि हरालच, सांगून ठेवतो.