आभाळाचं मनगट

पश्चिमेला जिथं पृथ्वी संपते, तिथं सांज उतरत होती. आधी केशरी, मग कुंकवाची, मग जांभळी. थरावर थर चढवीत, दिगंत भिजवीत, सागराच्या निश्चल सुवर्णपटावर विरघळत. सारं जग ज्या रंगाला भुलतं, त्या रंगाकडे इयापेटसनं युगानुयुगं पाठ फिरवली होती. आज मात्र त्यालाच सामोरं चालायचं होतं.

काय थाट होता हो एकेकाळी त्याचा! आभाळाचा आणि धरणीचा पुत्र, टायटनांच्या, म्हणजे थोरल्या देवांच्या कुळातला. दहा वर्षांच्या युद्धात ते हरले, धाकट्या देवांचं राज्य आलं, आणि आता हातात बेड्या, पायांत साखळ्या, पुढं टार्टारसचं, म्हणजे पाताळातल्या तुरुंगाचं, अतल विवर. आत गेला की गेला. साखळीचं टोक धरून चालत होता ब्रिआरेउस, त्याचाच पाठचा भाऊ, शंभर हातांचा, धाकट्या देवांच्या बाजूनं लढलेला.

"दादा, सूर्य बुडेपर्यंत थांबतो," ब्रिआरेउस म्हणाला. "पोराला भेटून घे. मग मात्र ओढून नेईन."

पोर म्हणजे अॅटलास. बापाच्या बाजूनं लढला, म्हणून ही शिक्षा: पृथ्वीच्या कडेवर उभं राहून आभाळ खांद्यावर पेलायचं, अखंड, अनंत. आणि आभाळ म्हणजे कुणी परकं का? युरेनस, इयापेटसचा बाप. नातवाच्या खांद्यावर आजा होता.

"बाबा," अॅटलास मान न वळवता म्हणाला, "जवळ या. पाऊल वाजलं आणि ओळखलं मी."

इयापेटस जवळ गेला. लेकाच्या मानेवरची शीर टच्च फुगलेली बघून त्याला भडभडून आलं. सांगायचं आजच, नाहीतर कधीच नाही.

फार पूर्वी आभाळ असं दूर नव्हतं. नीलकाय, नक्षत्रभूषण, ते रोज सांजेला धरणीवर उतरायचं. रीतच होती घरातली: मुलांनी चहूकडून धावायचं, ज्याच्या हाती जो हात लागेल तो धरायचा, आणि बापाला अलगद खाली टेकवायचं. शंभर हातांची लेकरं जन्मली तेव्हा मात्र त्यांचं रूप बापाला बघवेना. त्यानं ती परत धरणीच्याच पोटात कोंडली. आई वेदनेनं पिळवटली, तिनं विळा घडवला. क्रोनोस या धाकट्या टायटनानं तो उचलला. चौघा भावांनी चार दिशांना बापाला दाबून धरायचं ठरलं. इयापेटसच्या वाट्याला पश्चिम आली.

त्या सांजेला त्यानं मनगट पकडलं. आणि बाप हसला! रोजचीच रीत समजला बिचारा. "तू होय रे इयापेटसा? धर, बाळा, घट्ट धर," असं म्हणून त्यानं आपणहून तळवा उघडला, सगळा भार लेकाच्या हाती सोडला. इयापेटसनं घट्ट धरलं. विळा चालला, आभाळ किंचाळलं, पश्चिम रक्तानं माखली, तरी सोडलं नाही. तुटलेलं आभाळ त्या दिवसापासून पुन्हा धरणीवर उतरलं नाही.

"बाबा, इथं माझ्या खांद्यापाशी आभाळाला पाच खळगे आहेत," अॅटलास सांगत होता. "त्यांतच खांदा अडकवतो, म्हणून तोल राहतो. कुणी केले असतील?"

इयापेटसनं बेड्यांसकट हात उचलला. एकेक बोट एकेका खळग्यात ठेवलं. पाचही चपखल बसली.

आभाळ हललं. अॅटलासचा खांदा लटपटला होता.

"तुम्ही तर म्हणायचात, विळा चालला त्या दिवशी समुद्रापलीकडे होतो."

"खोटं बोललो. मीच धरलं होतं त्याला. माझं पाप तुझ्या मानेवर आलं रे, बाळा." लाजेनं त्याला वर बघवेना.

सूर्याची शेवटची कोर पाण्याला टेकली. मग अॅटलास हळूच म्हणाला, "म्हणूनच होय. बाबा, याच वेळेला रोज हा तळवा उघडतो. मला वाटायचं, झोपेत उघडत असेल. वर बघा."

इयापेटसनं वर पाहिलं. ताम्रवर्ण, विशाल, वृद्ध तळवा मेघांतून उघडत होता. रिकामा, धीरानं वाट बघणारा. इतक्या युगांनंतरही म्हातारा सांजेला हात पुढं करीत होता. शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या. हे सोसवेना.

त्यानं तो हात धरला. रीतीसारखा, लहानपणी धरायचा तसा. मोठाली बोटं त्याच्या बोटांवर सावकाश मिटली, आणि इयापेटस हुंदके देऊन रडला.

सूर्य बुडाला. साखळी ताणली गेली.

"दादा, चल," ब्रिआरेउस म्हणाला.

सोडायला हवा होता तेव्हा त्यानं हात सोडला नव्हता. आज धरून ठेवावासा वाटला, तर सोडावा लागला. एकेक बोट सुटलं. विवराच्या तोंडाशी त्यानं एकदाच मागं पाहिलं.

तळवा अजून उघडाच होता. अॅटलासचे दोन्ही हात आभाळाखाली गुंतलेले, धरणार कशानं? त्यानं मान तिरकी केली, हळूच, भार सांभाळत सांभाळत, आणि आपला गाल आजोबांच्या तळव्यावर ठेवला. रंग ओसरला, समुद्र निवला, आणि आभाळ त्या एवढ्याशा गालावर टेकलं.