कॅपखालची दाढ

मी खालच्या जबड्यातली, उजवीकडची दाढ बोलतेय. दुखत नाहीये, बोलतेय. या दोन्हींतला फरक माझ्या मालकाला आजवर कळलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. आवाज चढला तर चालवून घ्या.

माझा मालक वायरमन आहे. हात सफाईदार, जिभेने गोड, दिलेल्या वेळेला हजर. गिऱ्हाइकं नाव काढतात. त्याच्या तोंडात राहायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही.

मी आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढचे दुधाचे दात हलतात, पडतात, त्यांचं घरभर कौतुक होतं. मी कुणालाही न पाडता, सगळ्यांच्या मागे, गुपचूप हिरडी फोडून आले. तशीच पलीकडे डावीकडे माझी जुळी आली. कुणाला पत्ताही लागला नाही. पुढे माझ्या खाचेत काळा ठिपका पडला, तेव्हा त्याच्या आईने बोट घालून चाचपलं आणि शेजारणीला सांगितलं, "दुधाची आहे गं. पडेल आणि नवी येईल."

अहो, मीच नवी होते. माझ्यामागून कुणी येणार नव्हतं. पण आईला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझं ऐकतं कोण? तो ठिपका दोन वर्षांत खड्डा झाला. मग शाळेतून थेट दवाखान्यात नेऊन त्यात चांदी भरली. पोरगं गल्लीभर तोंड वासून चांदी दाखवत फिरलं. खड्डा बुजवल्याचं एवढं मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या माउलीवर माझा राग नाही. माझा राग तिच्या लेकावर आहे, कारण त्याला पुढे सगळं सांगितलं गेलं आणि तरीही त्याने ऐकलं नाही.

तो कामाला लागला आणि माझ्या वाट्याला वायर आली. वायरचं टोक सोलायचं असलं की तो ती तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात सरकवायचा, मी आणि माझी वरची सोबतीण यांच्यात धरायचा आणि हिसका द्यायचा. प्लॅस्टिकचं साल तोंडात, उघडी तार हातात. साल थुंकायचं की पुढची वायर. त्याच्या बायकोने एकदा चांगली पक्कड आणून दिली. तो म्हणाला, "अगं, ती काढेपर्यंत माझ्या चार वायरी सोलून होतात."

"आणि दात गेले म्हणजे?"

"तू आहेस ना चावून द्यायला."

ती हसली नाही. मीही नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. चांदीच्या कडेने फट पडली, कीड आत उतरली आणि माझ्या नसेपर्यंत पोचली. मी ठणकायला लागले. त्याने लवंग ठेवली. मी आणखी ठणकले. त्याने गोळी घेतली, मग दुसऱ्या रंगाची गोळी घेतली. डावीकडून जेवायला लागला. गाल सुजून डोळा बारीक झाला, तेव्हा बायकोने त्याला धरून नेलं.

डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या आणि नीट काम करणाऱ्या होत्या. त्यांनी माझी नस काढली, आतल्या नळ्या साफ केल्या, वरून पांढरं सिमेंट भरलं आणि त्याला स्पष्ट बजावलं, "हे तात्पुरतं आहे. दाढ आता आतून पोकळ आहे, लवकर तडकते. पंधरा दिवसांनी या, वर कॅप बसवू. तोवर या बाजूने काही चावायचं नाही."

"हो हो, नक्की," तो म्हणाला.

गेला नाही. का, तर दुखायचं थांबलं. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असा या माणसाचा हिशेब. अरे, दुखणार कशाने? हाक मारायची सोय होती तीच काढून टाकली होती माझी. घरात ओरडणारं माणूस अचानक गप्प झालं तर आपण दार उघडून बघतो. याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा वायर लावली माझ्याच डोक्यावर.

एका आजींच्या स्वयंपाकघरात बटणांचा बोर्ड बिघडला म्हणून तो गेला होता. बोर्ड उघडला तर आत दोन उघड्या तारा पिळून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली.

"आजी, हे कुणी केलं?"

"आमच्या जावयाने. तात्पुरतं म्हणून केलं होतं रे."

"कधी?"

"नातीच्या बारशाला. ती आता कॉलेजात जाते."

मग सुरू झाला हा. "आजी, तात्पुरतं असं काही नसतं. जे केलं तेच राहतं. आग काय तात्पुरती लागते? उघडं टोक दिसलं की झाकायचं, तिथल्या तिथे. मी तर एक टोक उघडं सोडत नाही." आजी मान डोलवत होत्या. इकडे माझ्या माथ्यावर कित्येक महिन्यांचं तात्पुरतं सिमेंट, तेही अर्धं झिजलेलं, आणि हा झाकण्यावर व्याख्यान देतोय. व्याख्यान देता देताच त्याने नवी वायर तोंडात घातली आणि हिसका दिला.

मी तडकले. जिभेकडची माझी अख्खी भिंत सुटून त्याच्या तळहातावर पडली.

"काय रे, काय पडलं ते?" आजींनी विचारलं.

"नाही, काही नाही," तो म्हणाला आणि माझा तुकडा खिशात टाकला. स्क्रू ठेवतात त्या खिशात.

घरी बायकोने तो तुकडा पाहिला. लगेच चप्पल घातली, कुलूप हातात घेतलं आणि म्हणाली, "चला."

डॉक्टरबाईंनी फोटो काढला आणि तो दिव्यासमोर धरून तडा शोधला. तडा मुळापर्यंत गेला असेल, तर मला उपटण्याशिवाय इलाज नव्हता. "थोडक्यात वाचली आहे," त्या म्हणाल्या. "तडा आणखी खाली गेला असता तर काढावीच लागली असती. कॅप बसेल, पण दाढ चारी बाजूंनी घासावी लागेल."

घासली. जन्मापासून जे कवच जपलं होतं, ते पाण्याच्या फवाऱ्यात पीठ होऊन नळीतून गेलं. मी खुंटीएवढी उरले. मग माप घेतलं, रंगांची पट्टी शेजाऱ्यांना लावून पाहिली, आणि काही दिवसांनी कॅप आली. गुळगुळीत, पांढरी, माझ्यापेक्षा देखणी. आत मसाला भरून माझ्यावर दाबली आणि त्या दिवसापासून मी अंधारात आहे. बाहेर काय चाललंय ते मात्र हाडातून सगळं कळतं.

बसवण्याआधी बाईंनी निळा कागद दातांमध्ये धरून विचारलं होतं, "चावून बघा. उंच लागते का?"

लागत होती. तोंड मिटलं की सगळ्यांच्या आधी कॅपच टेकत होती. पण खुर्चीत बसला की या माणसाला डॉक्टरांचं मन मोडवत नाही. "ठीक आहे," तो म्हणाला.

"नक्की? आत्ता सांगा, लगेच घासून देते."

"एकदम ठीक."

मग आठवडाभर कानापर्यंत जबडा आखडला. शेवटी बायकोनेच फोन लावला. बाईंनी कॅप जराशी घासली, आणि दोन मिनिटांत काम झालं. गिऱ्हाइकाने दिव्याबद्दल "ठीक आहे" म्हटलं, तरी हा पुन्हा बटण दाबून बघतो. स्वतःच्या तोंडाचं मात्र विचारू नका.

तुम्हाला वाटेल, आता तरी सुधारला असेल. मलाही वाटलं होतं. परवा शिडीवर उभा असताना त्याने वायर तोंडाशी नेली आणि थांबला. जिभेने मला हळूच चाचपलं. माझी आठवण ठेवली म्हणून क्षणभर बरं वाटलं. मग त्याने वायर डावीकडे सरकवली. माझ्या जुळीकडे. हिसक्याचा आवाज मला इथवर आला.

आज सकाळी गार पाणी पिताना त्याने डावा गाल धरला. बायको म्हणाली, "काय झालं?" तो म्हणाला, "गार लागलं."

आणि आत्ता तो दवाखान्यात आहे, माझी कॅप दाखवायला. खुर्ची आडवी आहे, दिवा डोळ्यांवर आहे. बाईंनी माझ्या कडेने बारीक सळई फिरवली. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखाली मला लागू शकते, म्हणून रोज कडेवरून ब्रश फिरवा, असं त्याला बजावलं. मग विचारलं, "बाकी कुठे काही त्रास?"

"छे. सगळं ठीक आहे."

अरे मूर्खा. माझ्या जुळीची नस अजून जिवंत आहे. तिला अजून दुखता येतं. बारीकशी चीर असेल, आज भरली तर भरून जाईल. मी गेलेच, निदान ती तरी अख्खी राहू दे. बाईंनी आरसा अजून खाली ठेवलेला नाही. दिवा अजून चालू आहे. तुझं तोंड उघडंच आहे. सांग त्यांना.