वासंतीबाईंची वज्री

चिंचवडहून तळवड्याला जाणाऱ्या रस्त्यावर ज्योतीरामची पानटपरी होती. दर गुरुवारी तिच्यामागं मुंगी शिरायला जागा नसे. पहिली शिफ्ट सुटली की कामगार डबा सायकलला तसाच अडकवून थेट रांगेत. मधोमध पाण्यानं भरलेलं पितळी घंगाळ आणि त्यापुढं भगवी लुंगी नेसलेला ज्योतीराम. कालपरवापर्यंत पानाला चुना लावणारा हा गडी, आता लोक त्याला ज्योतीबाबा म्हणत होते!

"ज्याच्यावर किरपा, त्याचा दगड तरंगल. ज्याच्यावर कोप, त्याचा बुडल. आमी काय करत न्हाई, आमी नुसतं निमित्त!" असं म्हणत तो फडक्याखालून शेंदूर फासलेला दगड काढी आणि पाण्यात सोडी. कधी दगड तरंगे, कधी गटकन बुडे. बुडाला की कोप उतरवायला नारळ, अगरबत्ती आणि एक कोंबडा. देवाला कोंबडा फार आवडे म्हणे. बाबांनाही आवडे.

त्या गुरुवारी मंजुळाबाईचा दगड तरंगला. बीडकडून नवऱ्यामागं इकडं आलेली ही बाई क्षयानं आजारी होती, सरकारी दवाखान्यात तिला इंजेक्शनं चालू होती.

"माय, खोकला ग्येला म्हण!" बाबा गरजला. "सुया बंद कर. रोज हे तीर्थ घ्ये."

गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या शुभदानं दगड ओळखला. तो तिचाच होता.

शुभदा मंजुळाबाईच्याच चाळीत राहायची आणि पुण्याला भूशास्त्रात एम.एस्सी. करायची. हातोडी आणि होकायंत्र घेऊन डोंगर पालथे घालायची. चाळीला त्याची कोण मौज! "दगडं फोडायची डिग्री? आमची अंबूबाई खाणीवर डिग्रीवाचून फोडती की!" शुभदा हसून सोडून द्यायची, पण आत कुठंतरी खुपायचं. उन्हाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या अभ्याससहलीत तिला वाहून आलेला एक हलका, भोकाभोकांचा दगड सापडला. तिनं तो फोडून अर्धा आईला टाचा घासायला वज्री म्हणून दिला आणि अर्धा चाळीच्या नळावर बादलीत सोडला. दगड तरंगला! नळावरच्या बायका हंडे विसरल्या.

"ताई, मंत्र हाय का ह्यात?" टपरीसाठी पाणी न्यायला आलेल्या ज्योतीरामनं विचारलं होतं.

पहिल्यांदाच तिच्या शिक्षणाकडं कुणी डोळे विस्फारून पाहत होतं. ती ऐटीत म्हणाली, "हाय तर! दगड वश करायलाच शिकवतात आम्हाला." आणि दगड त्याच्या हातावर ठेवून मोकळी झाली. खरं काय ते सांगायला असं कितीसं लागलं असतं? पण तेवढं कौतुक तिला सोडवेना.

आणि आज मंजुळाबाई ओंजळभर तीर्थ प्याली, तेव्हाही ती गप्पच राहिली. आता बोललं तर सगळं आपल्यावरच शेकणार, या भीतीनं तिनं पाय मागं घेतला. मंजुळाबाईनं सुया बंद केल्या आणि पुढं चारपाच दिवसांत नळावर तिला उबळ आली. तोंडाशी धरलेला पदर लाल झाला. शुभदानं तो पाहिला आणि तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती आईला, वासंतीबाईंना, घेऊन सरळ घंगाळापाशी गेली.

"बाबा, फडकं उचला."

"कोप हुईल, ताई!"

"होऊ दे माझ्यावर." तिनं फडकं ओढलं. खाली एकसारखे शेंदूर फासलेले दोन दगड! गर्दीत कुजबुज झाली. तिनं दोन्ही पाण्यात सोडून खसाखसा चोळले. एक बुडाला. त्याच्या भोकांत पांढरे खडे चमकत होते. "हा आपल्याच विहिरीतला काळा दगड. भोकं भरलेली, म्हणून जड. आणि हा दुसरा ज्वालामुखीचा गोठलेला फेस. आत नुसती हवा कोंडलेली, म्हणून तरंगतो. तुमच्या-माझ्यासाठी नाही, कुणासाठीही तरंगतो. आई, दे."

वासंतीबाईंनी पिशवीतून मोरीतला दगड काढला. शुभदानं दोन्ही अर्धे एकमेकांना लावले. चपखल बसले.

"अगंबाई!" वासंतीबाई ओरडल्या, "ही तर माझी वज्री! हिचं तीर्थ पिता होय रे मेल्यांनो?"

कुणी हसलं, कुणी थुंकलं. ज्योतीराम लुंगी सावरत पुटपुटला, "ताईनंच दिला व्हता. मंत्र हाय म्हनली व्हती."

"खरंय," शुभदा म्हणाली. "मी खोटं बोलले. मला मिरवायचं होतं."

मंजुळाबाई गर्दीतून पुढं आली. "ताई, तुमाला पयल्यापासून ठावं व्हतं. मी तीर्थ प्याले तवा तुमी हितंच हुबा व्हत्या. तवा का न्हाई बोलल्या?"

शुभदानं मान खाली घातली. "चुकलं माझं. दवाखान्यात चला. मी रोज येईन बरोबर."

"तुमचं तरी का ऐकू आता?"

"ऐकू नका. विचारा. मला विचारा, डॉक्टरांना विचारा, भगव्यातल्याला विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्याकडून घोटभर पाणीसुद्धा घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुई भरली, तसा मंजुळाबाईनं हात मागं घेतला.

"ह्यात काय हाय? आन् त्यानं काय हुतंय?"

डॉक्टर वैतागले. "बाई, बाहेर रांग आहे. मुकाट्यानं घ्या."

मंजुळाबाईनं शुभदाकडं पाहिलं.

"सांगा, डॉक्टर," शुभदा म्हणाली. "सांगितल्याशिवाय टोचू नका."