मुकी आई

शाळेतल्या टोर्विकबाई घरी येणार म्हटल्यावर रिस्तिनने सकाळीच आईचा लाल पट्ट्यांचा निळा झगा पेटीत दडवला, दारासमोर सुकत घातलेले मासे उतरवले आणि खिडक्या सताड उघड्या टाकल्या. घरातला धुराचा वास काही गेला नाही. पोर चौदा वर्षांची, पण शाळेच्या वसतिगृहात सात वर्षं काढून एवढं पक्कं शिकली होती की आपण सामी, म्हणजे उत्तर नॉर्वेतल्या मूळ जमातीचे, आहोत हे कुणाला कळणं म्हणजे नाक कापून घेणं. शहरातल्या मोठ्या शाळेसाठी या नव्या बाईंचं शिफारसपत्र हवं होतं, आणि 'आमच्या घरी नॉर्वेजियनच बोलतात' असं तिने त्यांना ठोकून दिलं होतं.

बाई आल्या. मागच्या दाराने आई हात पुशीत आत आली, पाहुणीला सामी भाषेत 'या, बसा' म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात रिस्तिन घाईघाईने नॉर्वेजियनमध्ये म्हणाली, "आई मुकी आहे, बाई. जन्मापासून."

आईला ती भाषा धड बोलता येत नव्हती, पण व्यापाऱ्याला मासे विकून विकून कळत सगळी होती. तिने लेकीकडे एकदा पाहिलं, तोंड मिटलं आणि कॉफी ओतली.

"अरेरे! आणि तरी पोरगी इतकी हुशार!" बाईंचे डोळे भरून आले. पत्र तिथल्या तिथे लिहून झालं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये रिस्तिनचं दृढीकरण होतं, वयात आलेल्या मुलांनी श्रद्धेची जाहीर कबुली देण्याचा विधी. उसन्या पांढऱ्या झग्यात ती वेदीपुढे उभी, पहिल्या बाकावर टोर्विकबाई. मागच्या बाकांवरची सामी मंडळी स्तोत्र आपल्याच भाषेत म्हणायची, पाद्रीने कितीही डोळे वटारले तरी. आणि सुरुवात रिस्तिनच्या आईने करायची, हे ठरलेलं. ऑर्गन वाजला. मागे सगळे गप्प.

"अगं सिग्गा, झोपलीस की काय? कर की सुरू!" शेजारच्या एल्लेची कुजबूज पार वेदीपर्यंत ऐकू आली. "तुझ्याच पोरीचा दिवस, आणि तू मिठाची गुळणी धरून बसलीस?"

आईने नुसती नकारार्थी मान हलवली.

सामीतली पहिली ओळ रिस्तिनलाही पाठ होती. तिने म्हटली असती तर मागचे सगळे तिच्यामागून गायले असते. पण टोर्विकबाई तिच्याकडेच कौतुकाने बघत होत्या. रिस्तिनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ओठ काही हलले नाहीत. स्तोत्र नॉर्वेजियनमध्येच झालं.

परतताना होडीत दोघीच होत्या. किनारा दूर गेल्यावर रिस्तिन आपल्या भाषेत रडत म्हणाली, "आई, चुकले गं. माझी मलाच लाज वाटते. आता तरी बोल ना, हव्या तर शिव्या दे."

आई वल्ही मारत राहिली. जिने लेकीशी आजवर नॉर्वेजियनचा एक शब्द काढला नव्हता, ती शब्द शोधत, अडखळत त्याच भाषेत म्हणाली, "तू... नीट... बस. कपडा... ओला... नको."

त्या दिवसानंतर आई तिच्याशी आपल्या भाषेत कधी बोलली नाही.