पहिला विळा

वणीच्या पुढच्या त्या पठारावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विळा पडायचा. त्याआधी गवताच्या काडीलाही हात लावायचा नाही, असा दंडक. पहिला विळा वस्तीतल्या सगळ्यात वयस्क बाईनं घालायचा. यंदा तो मान सुलाबाईचा होता, आणि यंदाच पठाराला कंपनीचं फाटक लागलं होतं.

पवनचक्क्या आल्या तसं गाव पालटलं. ज्यांच्या बांधावरून रस्ता गेला, त्यांच्या दारात गाड्या आल्या. चार पोरं नोकरीला लागली. पण गायरानाचं गवत कापून नाशिक रोडच्या तबेल्यांना घालणाऱ्या बायांना कुणी विचारलं नाही. त्यांच्याजवळ ना सातबारा, ना बांध. होती ती नुसती वहिवाट, आणि वहिवाटीत एक साल खंड पडला की ती मेलीच म्हणायची. कंपनीनं गवत ठेकेदाराला देऊन टाकलं होतं. त्याचं कापणीचं मशीन आज दुपारी यायचं होतं.

सकाळी सुलाबाई बायांना घेऊन फाटकाशी गेली. पहाऱ्यावर तिचाच मुलगा, राकेश.

"आई, आत सोडायचं नाय असा हुकूम हाय."

"मग नको सोडू."

"रागावलीस व्हय?"

"भाकरी आणतोस घरात, राग कशाचा? तू तुझं काम कर, मी माझं करते."

बायांमधली जहिदा मागून म्हणाली, "अक्का, पोरानंच दार लावलं की तुला!"

"दार लावलंय. डोंगराला कुठं कुलूप हाय?" असं म्हणून सुलाबाई बायांना घेऊन घळीच्या वाटेला लागली.

ती वाट शेळ्यांची. गुडघे नाही म्हणत होते, तिनं त्यांचं ऐकलं नाही. वर पवनचक्क्यांच्या पात्यांचा घोंघों आवाज चालला होता. तिनं मूठभर गवत धरलं, विळा ओढला, आणि बाया पठारभर पांगल्या. दुपारपर्यंत प्रत्येकीचा भारा बांधून झाला. भारे घेऊन घळ उतरणं शक्यच नव्हतं. मग सगळ्या रस्त्यानं खाली निघाल्या, थेट फाटकाकडं.

त्यांना आतल्या बाजूनं येताना बघून राकेशचा चेहरा उतरला. "आई, आता मी काय करू?"

"हुकूम काय होता?"

"आत सोडू नको."

"मग आम्ही आत येतोय व्हय? बाहेर चाललोय."

जहिदा खळखळून हसली. राकेशनं कडी काढली.

सुलाबाईला धाप लागली होती. बाहेर येताच तिनं भारा रस्त्यातच टेकवला. तेवढ्यात कंपनीच्या साहेबांची जीप आली, मागं ते मशीन.

"हे गवत कंपनीचं आहे," साहेब ओरडले. "सरळ चोरी आहे ही!"

राकेश काही बोलणार होता. आईनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"चोरी असंल तर चला चावडीवर," ती म्हणाली. "भारा मीच नेते. पण एकटीनं उचलत नाय. जरा हात लावा."

साहेबांना रस्ता मोकळा हवा होता. माणूसही तसा वाईट नव्हता. म्हातारी वाकलेली बघून त्यांनी भारा धरला आणि तिच्या डोक्यावर चढवला.

त्या भागात रीत अशी, की भाऱ्याला ज्यानं हात लावला, त्यानं ती कापणी कबूल केली. मागून त्याला चोरी म्हणता येत नाही. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मशीनवर बसलेला नाथा मात्र शेजारच्याच गावचा. त्यानं मशीन बंद केलं.

"साहेब, हात तुम्हीच लावला. आता या बायांच्या गवतात मी मशीन नाय घालायचो. मला याच मुलखात राहायचंय."

"काय वेडेपणा आहे हा? दुसरा ड्रायव्हर आणीन मी."

"आणा की," सुलाबाई भाऱ्याखालून म्हणाली. "तो येईस्तोवर आम्ही निम्मं पठार कापतो. अन् पुढल्या सालाला बी येतो."

ती उताराला लागली. मागं जहिदा भारा टेकवून उभीच होती.

"साहेब, माझा बी राहिलाय. लावता ना हात?"