रुक्मिणीचा आरसा

मी आरसा बोलतोय. वीतभराचा, पत्र्याच्या चौकटीतला. माझ्यात एका वेळी एकच तोंड मावतं, एवढं लक्षात ठेवा.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी कृष्णनाथानं मला पेडण्याच्या बाजारातून आणलं. तो दशावतारात बायकांच्या भूमिका करायचा. जत्रेच्या संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, मला पेटाऱ्याला टेकवून तो रंग लावायला बसे. त्याची बायको देवकी मागे उभी राहून अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळी. बघता बघता त्याची रुक्मिणी होई. खोटं कशाला बोलू, मीही तिच्यावर भाळलो होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दोघांना सारख्याच. त्यांनी जीव वाचवला, पण चेहऱ्यावरची चरबी खाल्ली. कृष्णनाथाचे गाल खोल गेले. रंगाचे थर दिले तर खड्डे आणखीच उठून दिसत. गालांत कापूस कोंबून पाहिला, तर रुक्मिणी बोबडी बोलू लागली. माणसंही कसली! गालांवरून रोग ओळखायची आणि विचारायची, नीट जेवत नाहीस का म्हणून.

शेवटी तो कंपनीच्या मालकाला म्हणाला, "नारायणदादा, माका संकासुर देवा. काळ्या बुरख्यात तोंड तरी दिसाचा नाय."

"आणि रुक्मिणी?"

"ती मेली म्हणा."

संकासुराला आरसा लागत नाही. घरी मला भिंतीकडे तोंड करून टांगलं. समोर नुसता चुना. तरी ते खोल गाल माझ्यातून जाईनात. मला भीती वाटायची.

देवकीच मागे लागली. "पणजेक एक डॉक्टर सुयेन गाल भरून देता म्हणे. चला, बघून तरी येवया."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोघं घरी आल्यावर बोलत होती. यानं रोग जात नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि भरलेलं औषध हळूहळू विरतं, मग पुन्हा यावं लागतं. कृष्णनाथानं मला सरळ केलं, नुकत्याच भरून आणलेल्या गालांवरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडला. त्या जत्रेला रुक्मिणी परत आली. तो चारचौघांत चहाला बसू लागला, हसू लागला. मलाही फार बरं वाटलं.

पण दुपारी तो बाहेर गेला की ते खोल गाल माझ्यात पुन्हा यायचे. वाटलं, जुनंच भूत आहे, आता सोडणार नाही. मग एकदा त्या गालांच्या वर कुंकू दिसलं.

ती देवकी होती. तिनं पदर ओढून गाल झाकले. "माका खंय नाटकात उबी रवाचा आसा?" असं स्वतःशीच पुटपुटली आणि मला भिंतीकडे फिरवलं.

आज जत्रा आहे. पेटाऱ्याला टेकून मी बसलोय. समोर कृष्णनाथ भरल्या गालांवर रंग लावतोय. मागून वळेसर माळणारे दोन हात तेवढे मला दिसतात.

कृष्णनाथा, रंग पुरे झाला. जरा बाजूला सरक.